यंदा गुणांच्या चिठ्ठ्या नाहीत

१८ एप्रिल, रविवार

घेतलं! शेवटी घेतलंच त्या देशाला!

सकाळी रेडिओवर यादी वाचली, युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेत यंदा कोण कोण उतरणार त्याची. बाई अशा गोड आवाजात वाचत होती, जणू लग्नाला कोण कोण येणार ते सांगतेय. आणि मध्येच ते नाव. अडखळली नाही, खाकरली नाही. लगेच पुढचं नाव!

मी ते नाव ह्या वहीत लिहिणार नाही. शाई माझी आहे.

आणि ह्याच बाईनं दुपारच्या बातम्यांत काय सांगावं? त्याच देशानं शेजारच्या देशातल्या एका शहराचं पाणीघर उडवलं. पंप, टाक्या, सगळं. तीन लाख माणसं आणि नळाला थेंब नाही. पंपावर पाळीला चौघं होते. चौघंही गेले. त्यांची नावं नाही कुणी गोड आवाजात वाचली!

एकतीस वर्षं मी ह्या गावाचं पाणी सांभाळतोय. एकदा हिवाळ्यात वाहिनी गोठली आणि गाव सहा तास कोरडं राहिलं, तर मला आठवडाभर जेवण गेलं नाही. आणि हे लोक मुद्दाम पाणी तोडतात. पाणी तोडणारा माणसातून उठला. युद्धात सगळं चालतं म्हणे. नाही चालत!

स्पर्धावाले काय म्हणतात? 'संगीताचा राजकारणाशी संबंध नाही.' उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बघणार नाही. ठरलं. आपला देश पहिल्यांदा उतरला त्या वर्षापासून मी एकही स्पर्धा चुकवलेली नाही. कंबर धरली होती तेव्हा जमिनीवर आडवा पडून बघितली. यंदा चुकवणार.

१९ एप्रिल, सोमवार

पण यंदा सुनेवा गाणार आहे. काल रागाच्या भरात हे लिहायचंच टाळलं.

२० एप्रिल, मंगळवार

सुनेवा म्हणजे आमच्या गावातल्या गीदाची पोर. गीदा मासळीच्या कारखान्यात, त्यामुळे शाळा सुटली की पोर माझ्या पंपघरात. तिथे आवाज छान घुमतो. गिटारचे पहिले तीन कॉर्ड तिला मी दाखवले. मला तरी कुणी शिकवले होते? तेराव्या वर्षी शाळा सुटली. गिटार रेडिओ ऐकून, पंप परक्या भाषेतल्या पुस्तिकेशेजारी शब्दकोश उघडून. पण तिचा गळा माझा नाही, रेडिओचाही नाही. तो तिचाच. फेब्रुवारीत देशातली निवड ती जिंकली तेव्हा गावानं बर्फात उभं राहून फटाके उडवले. सगळ्यात जास्त मी उडवले. दाग्नी म्हणाली, "बायकोच्या साठीला एक फुलबाजी नाही पेटवली ह्यानं!"

संध्याकाळी पोहण्याच्या तलावावर, उघड्यावरच्या गरम कुंडात. वरून गारा, खाली कढत पाणी. आमच्या गावाचे सगळे निर्णय तिथेच होतात, नगरपालिका नंतर सह्या करते. मी सांगून टाकलं : यंदा बघणार नाही, आणि चिठ्ठ्याही वाटणार नाही.

कोल्बेइन पाण्यातही लोकरीची टोपी काढत नाही. जन्मभर बोट हाकली, आता आम्हाला हाकतो. टोपी मागे सरकवून म्हणाला, "चिठ्ठ्या नाहीत म्हणजे?"

"म्हणजे नाहीत."

"मग गुण कशावर लिहायचे? तळहातावर?"

दरवर्षी मी एकशे बारा घरांत चिठ्ठ्या टाकतो. गाण्याला गुण, आवाजाला गुण, कपड्यांना गुण. रविवारी कुंडात बसून गावाचा निकाल वाचतो. आमचा पहिला नंबर आणि युरोपचा पहिला नंबर आजवर दोनदाच जुळले, त्याचा आम्हाला अभिमान आहे.

"अरे बाबा," कोल्बेइन म्हणाला, "माशांवरून भांडण होतं तेव्हा इंग्रजांची जाळी मी ह्या हातांनी कापलीत. आणि बोटीवर गाणी कुणाची लावायचो? इंग्रजांचीच! मासा तो मासा, गाणं ते गाणं."

"तू जाळी कापलीस. नळ नाही कापलास."

"आणि सुनेवा? ती तिकडे गाणार आणि तू इकडे पंपाशेजारी रुसून बसणार?"

"बसणार," मी म्हटलं. त्यानं टोपी पुढे ओढली. "याइया," म्हणाला, मांड्यांवर थाप मारली आणि उठला. हे त्याचं नेहमीचं! वाद अंगाशी आला की 'याइया'. आणि आम्हीही बावळट! तो शब्द कानावर पडला की बसलेला माणूस उठतोच. लहानपणापासूनची खोड. कुंड रिकामं. वाद अर्धवट.

२२ एप्रिल, गुरुवार

आमच्या पंचांगात उन्हाळ्याचा पहिला दिवस. सुट्टी. मिरवणूक निघाली ती बर्फातून. तुतारीवाल्यानं फुंकलं तर आधी बर्फ बाहेर पडला, मग सूर.

दुपारी सुनेवाचा फोन. कुंडातली बातमी दोन दिवसांत राजधानीत!

"काय रे म्हाताऱ्या, चिठ्ठ्या वाटणार नाहीस म्हणे?"

"तू घरी ये," मी म्हटलं. "सांग त्यांना, नाही गात."

"जायचं टीव्हीवाल्यांनी ठरवलंय. मी नाही."

"टीव्हीवाले स्टेजवर उभे राहणार नाहीत. तू राहणार."

"मी नाही गेले तर दुसरी जाईल. युद्ध थांबेल त्यानं?"

"नाही थांबणार. पण तू त्यात नसशील."

मग म्हणाली, "स्तुर्ला, ह्या खाडीतून पुन्हा कुणाला असं बोलावणं येणार आहे? आई तीस वर्षं मासे सोलतेय. मला तीन मिनिटं हवीत. तीनच. तेवढीही मागू नयेत?"

मी काय म्हणालो? "तिकडे नळाला पाणी नाही," म्हणालो. आणि फोन ठेवला. मी आधी ठेवला. हे लिहून ठेवतो, उगीच नंतर तिनं ठेवला म्हणायला नको.

२५ एप्रिल, रविवार

दाग्नीशी वाजलं.

ती विणत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या देशाकडून पण एक पोरगीच येणारे ना गायला? तिनं टाकले बॉम्ब?"

"ज्यानं टाकले त्यानंच तिला पाठवलंय. झगा घालून, लाली लावून! बघा आम्ही किती छान, म्हणायला!"

"आणि आपली? आपल्या पोरीला कशाची शिक्षा?"

"शिक्षा नाही. तिला कळत नाहीये, तिला कळायला हवं म्हणून—"

"तिला कळतंय. तुलाच तिला जा म्हणवत नाही आणि जाऊ नको म्हणून तिला गमवायचंही नाहीये. दोन्ही डगरींवर हात."

आता माझी बायकोही राजकारण शिकली!

मग बसलो आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं. खाडाखोड न करता, एका दमात. लिहिलं : जे स्टेज पाणी तोडणाऱ्याच्या हाती माईक देतं, त्या स्टेजवर आमच्या गावच्या पोरीनं गाऊ नये. सुनेवा, घरी ये. आणि जायचंच असेल तर जा, पण तीन मिनिटं गप्प उभी राहा. तेच तुझं सगळ्यात मोठं गाणं होईल.

शेवटची दोन वाक्यं मला फार आवडली. तीनदा मोठ्यानं वाचली. दाग्नी उठून स्वयंपाकघरात गेली.

२९ एप्रिल, गुरुवार

छापून आलं. पहिल्या पानावर! वर ठळक : 'सुनेवा, घरी ये!' ते उद्गारचिन्ह माझं नाही. संपादकाला फोन करून सांगितलं, मी साधा पूर्णविराम दिला होता. म्हणतो, "पूर्णविरामानं अंक खपत नाही, स्तुर्ला."

१ मे, शनिवार

राजधानीतल्या वर्तमानपत्रांनी उचललं. मग टीव्हीनं. 'गुरूचं शिष्येला आवाहन'. कोण गुरू, कोण शिष्या! अनोळखी लोकांचे फोन. अर्धे म्हणतात शाब्बास, अर्धे म्हणतात थेरड्या, पोरीचं वाटोळं करतोस. एक बाई रडली. एकानं मला पंपाबद्दलच विचारलं, त्याच्याशी तेवढं बरं बोललो.

संध्याकाळी दारात गीदा. कारखान्यातून तशीच आलेली, पांढरे बूट, अंगाला मासळीचा वास. आत ये म्हटलं तर आली नाही.

"माझ्या पोरीला वर्तमानपत्रातून हाक मारतोस?" म्हणाली. "तुझ्याकडे फोन नव्हता?"

"फोनवर बोललो होतो गीदा. ऐकलं नाही तिनं."

"मग अख्ख्या देशाला तिच्या अंगावर घातलंस. ऐकलं नाही म्हणून!"

मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

"तत्त्व तुझं. गळा तिचा," म्हणाली आणि गेली.

जेवलो नाही. दाग्नीनंही वाढू का विचारलं नाही.

३ मे, सोमवार

मी चुकलो का? मुद्द्यात नाही. मुद्दा सोळा आणे खरा आहे. आजच्या बातम्यांत त्या शहरात लोक डबक्यातलं पाणी कापडानं गाळत होते. एक म्हातारा माझ्याच वयाचा, हातात किटली. मग चुकलो कुठे? फोन आधी ठेवला, तिथे बहुतेक.

पण म्हणून स्पर्धा बघायची? नाही! सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही, म्हणू देत.

६ मे, गुरुवार

आज भलतीच अडचण ध्यानात आली.

अंतिम फेरीच्या दिवशी शेवटचं गाणं संपलं की अख्खं गाव एकदम उठतं. संडास, मोऱ्या, कॉफीच्या किटल्या, सगळीकडे एकाच मिनिटात नळ. दाब धाडकन खाली. दुसरा पंप हातानं चालू करावा लागतो, आणि तोही अगदी वेळेवर. नाहीतर डोंगरउतारावरच्या घरांत पाणी चढत नाही. म्हणून इतकी वर्षं मी शेवटचं गाणं सुरू झालं की घरातून पळत सुटतो. जन्मभराचा रसिक, पण त्यानंतरची पाच मिनिटं मी कधीच बघितलेली नाहीत!

तर आता बहिष्कार घालायचा, आणि शेवटचं गाणं कधी संपतंय त्यावर कानही ठेवायचा?

दाग्नी इतकी हसली की विणकामाचे टाके सुटले. "ताकाला जा आणि भांडं लपव! मी बघणार आहे बाबा. मला माझी पोर बघायचीये. गाणी संपली की पंपघरात फोन करीन. तू आपलं सोवळं सांभाळ."

ठरलं तसं. सोवळं म्हणाली ते लागलं.

११ मे, मंगळवार

आज उपांत्य फेरी. दाग्नीनं टीव्ही लावला तसा मी बाहेर पडलो. खाडीच्या टोकापर्यंत चालत गेलो, परत आलो. नऊ वाजले तरी लख्ख उजेड. प्रत्येक खिडकीतून निळा प्रकाश. रस्त्यावर मी आणि एक मेंढी. मेंढीही बहिष्कारवाली असावी.

घरी आलो. दाग्नीनं दोन पॅनकेक झाकून ठेवलेले दिसले. म्हणजे पोर पुढे गेली.

गायली कशी, हे विचारायला जीभ उचलेना. तीच म्हणाली, "छान गायली." एवढंच. छान म्हणजे किती? आवाजाला किती गुण? वरचा सूर लागला? विचारलं नाही!

१३ मे, गुरुवार

सुनेवाचा निरोप, मोबाइलवर. 'शनिवारी नक्की बघणार नाहीस?'

मी लिहिलं, 'नाही.'

'तीन मिनिटंसुद्धा?'

हा निरोप मी अर्धा तास हातात धरून बसलो. मग पुन्हा लिहिलं, 'नाही.' माझं नाक!

१५ मे, शनिवार, दुपार

कोल्बेइननं स्वतः चिठ्ठ्या कापून वाटल्यात. वाकड्या. कपड्यांच्या गुणांचा रकानाच विसरलाय.

१६ मे, रविवार

कालचं सगळं नीट लिहून काढतो.

संध्याकाळी पावणेसातलाच पंपघरात गेलो. कॉफी, सुका मासा, लोणी. मोबाइल घरी ठेवला. रेडिओची वायर काढून खिशात टाकली, कारण हाताचा भरवसा नव्हता. समोर दाबाचा काटा, पाचावर.

सातला सुरू झाली. मला कसं कळलं? काटाच सांगतो. गाणं रटाळ असलं की काटा थरथरतो, लोक उठतात. गाणं चांगलं असलं की स्थिर. एकतीस वर्षांत हे वाचायला शिकलोय. दोन गाणी बरी गेली, चार अगदीच टाकाऊ. मग मीच चिडलो स्वतःवर. हे बघणंच झालं की, दुसऱ्या दारानं! तोंड फिरवून बसलो. पाच मिनिटं. पुन्हा वळलो.

आठला बारा मिनिटं कमी असताना काटा थिजला. असा मी कधी बघितला नव्हता. गावात एक नळ नाही, एक थेंब नाही. एकशे बारा घरं श्वास रोखून. म्हणजे ती स्टेजवर आली.

मी उभा राहिलो. कधी उभा राहिलो कळलंच नाही. टोपीही काढली होती. घड्याळ बघत होतो. एक मिनिट. दोन. काटा तसाच. ती गातेय, आता वरचा सूर येईल, आला असेल... डोळे भरून आले. तीन मिनिटं.

आणि काटा पडला! पाचावरून साडेतीन, तीन, पावणेतीन! अजून दहा-पंधरा गाणी बाकी असताना! मी दुसरा पंप चालू केला, तरी वर येईना. म्हणजे वाहिनी फुटली. आजच फुटायची होती!

पाना घेऊन पळालो. मागे पंपघरातला फोन वाजत होता, थांबलो नाही. रस्त्यानं बघत जातोय, कुठे पाणी आलंय का. कोरडं. आणि मग ध्यानात आलं : एकाही खिडकीत निळा प्रकाश नाही. सगळे टीव्ही बंद. स्वयंपाकघरांत माणसं उभी. मुलं रस्त्यावर चेंडू घेऊन आलेली. कोल्बेइन पायरीवर उभा, टोपी घातलेली, बाह्या वर, हाताला फेस.

"कुठे फुटली?" मी ओरडलो.

"काय?"

"वाहिनी!"

"काही नाही फुटलं. भांडी घासतोय."

"आत्ता? गाणी संपली?"

"चालू असतील. आम्ही उठलो."

"का?"

तो म्हणाला, "सुनेवा म्हणाली, 'याइया'."

आणि एवढा मोठा दर्यावर्दी माणूस, फेसाळ हातानं डोळे पुसायला लागला. साबण गेला डोळ्यांत. मग शिव्या.

घरी दाग्नीनं सगळं सांगितलं. सुनेवा गिटार घेऊन आली. संगीत सुरू झालं. ती गायलीच नाही. समोर बघत उभी राहिली, अगदी ताठ, कुणाच्या तरी मयतीला उभं राहावं तशी. सगळं गाणं मागे वाजत राहिलं आणि ती एक शब्द बोलली नाही. संगीत थांबलं तेव्हा माईकशी वाकली, म्हणाली, "याइया." आणि वळून चालत गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? उठले," दाग्नी म्हणाली. "टीव्ही बंद केला आणि कॉफीला पाणी ठेवलं. सगळ्यांनीच. कुणी कुणाला विचारलं नाही."

रात्री राजधानीच्या पाणीखात्यातल्या माझ्या दोस्ताचा फोन. "स्तुर्ला, तुझ्याकडे पण काटा पडला का रे?"

पोरी! माझ्या पोरी! तू ऐकलंस!

१८ मे, मंगळवार

जगभर बोभाटा. स्पर्धावाले संतापलेत. नियम मोडला म्हणतात. कुठला? एक शब्द बोलली बिचारी! त्यांचे वकील त्या शब्दाचं भाषांतर मागताहेत. रेडिओवर भाषेचे प्राध्यापक अर्धा तास त्यावर बोलले : याइया म्हणजे बरं, याइया म्हणजे चला, याइया म्हणजे पुरे झालं, याइया म्हणजे आता ह्या घरात बसवत नाही. करा म्हणावं भाषांतर!

सुनेवा कुणाशी बोलत नाहीये. वार्ताहरांना फक्त मान हलवून नाही म्हणते. ते आणखी शोभतं तिला. लोक म्हणतात, जे बोलायचं ते बोलली.

आणि कुंडात? कोल्बेइन म्हणतो, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, असल्या स्पर्धेत राम नाही!" मी म्हटलं, मासा तो मासा, गाणं ते गाणं, कोण म्हणालं होतं? तर म्हणे ते माशांबद्दल होतं. निर्लज्ज!

सगळे माझ्या पाठीवर थापा मारतात. तुझ्या पत्रानं केलं, म्हणतात. मी नाही नाही म्हणतो. पण फार जोरात म्हणत नाही.

१९ मे, बुधवार

गीदा रस्त्यात भेटली. थांबली. "तू बरोबर होतास बहुतेक," म्हणाली. पण तिचा चेहरा मला आवडला नाही. "फोनवर माझ्याशीही दोनच शब्द बोलते. जेवते का विचारलं तर हो म्हणते."

थकली असेल, मी म्हटलं. केवढं काम केलंय तिनं!

२१ मे, शुक्रवार

सुनेवा परवा येतेय. संध्याकाळी पाचला शाळेत सत्कार. नगराध्यक्षा बोलणार, पण पहिलं भाषण माझं, असा कुंडाचा निर्णय.

लिहून काढलं. त्या चार पंपवाल्यांपासून सुरुवात केलीय. मग : 'गळा असणारे पुष्कळ असतात, पण गप्प कधी राहायचं हे आमच्या सुनेवाला कळलं.' हे वाक्य चांगलं झालंय. दाग्नीला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "तिच्याशी बोललास?"

"फोन उचलत नाही ती. कुणाचाच."

"मग हे सगळं तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या जगानं बघितलंय, दाग्नी!"

"हो," म्हणाली. "मीही बघितलंय. तिचे हात बघितलेत."

मला राग आला. चांगलं काही झालं की ह्या बाईला त्यात खडा सापडतोच! हात म्हणे. भाषण घडी करून खिशात ठेवलं.

२३ मे, रविवार

सकाळी सातला पंपघराचं दार वाजलं. सुनेवा. एकटी. अजून आईकडेही गेली नव्हती. बाकावर बसली, मी कॉफी दिली, ती हातात धरून राहिली.

"मी शब्द विसरले, स्तुर्ला," म्हणाली. "पहिली ओळ गेली. दुसरी धरायला गेले, तीही गेली. तुझ्या पत्रातल्या ओळी मात्र सगळ्या आठवत होत्या. मग वाटलं, आता हलले तर पडेन. संगीत संपलं तेव्हा जे तोंडातून निघालं ते निघालं."

पंप चालू होता. बंद करावासा वाटला.

मी विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला का?"

"सगळ्यांनी मला तसं उभं असताना बघितलंय," म्हणाली. "तू एकटाच आहेस, ज्यानं नाही बघितलं."